आतल्या आवाजांना सूट

त्या हिवाळ्यात त्बिलिसीत वीज
दिवसाला दोन तास यायची, आली तर.
चौथ्या मजल्यावर, सतरा नंबरच्या वर्गात
त्सिऊरी बाई रॉकेलचा स्टोव्ह पेटवायच्या,
आधी पियानोच्या पट्ट्यांवर फुंकर,
मग आमच्या बोटांवर.
हार्मनी, तिसरं वर्ष. हजर सहा.
उरलेले पावाच्या रांगेत.

'सस्पेन्शन,' बाई सांगायच्या,
'म्हणजे भोवतीचा कॉर्ड बदलला
तरी कालच्या कॉर्डमधला एक सूर
जागचा हलत नाही.
आधी मेळात असतो, मग खुपतो,
मग सुटतो. सुटताना एकच पायरी. शक्यतो खालची.'
मला आमच्या तळमजल्यावरची म्हातारी आठवायची,
बुडालेल्या देशाचं पासबुक
कोटाच्या अस्तरात शिवून
रोज बँकेच्या दारात उभी राहणारी.
ती एप्रिलमध्ये सुटली.
पायरीचं मला माहीत नाही.

मग एनहार्मोनिक. काळी पट्टी एक, नावं दोन.
जी शार्प लिहिलंत तर तिला वरची ओढ,
ए फ्लॅट लिहिलंत तर खालची.
'ऐकणाऱ्याला सारखंच.
लिहिणाऱ्याला मात्र कुठे जायचंय ते ठाऊक हवं.'
आमच्या गल्लीचंही नाव बदललं त्या वर्षी.
पोस्टमनला दोन्ही पाठ होती.
पत्रं एकाही नावाने येत नव्हती.

फसव्या कॅडेन्सच्या दिवशी ऐन तासाला दिवा लागला.
आम्ही ओरडलो.
बाई पाचव्या कॉर्डवर थांबलेल्या,
आता पहिला येणार, हे मांजरालाही कळलं असतं.
दिवा गेला.
अंधारात त्यांनी सहावा वाजवला
आणि वीज कंपनीचे आभार मानले.

पाआता सुखुमीहून पळून आलेला.
आई, दोन बहिणी आणि तो
हॉटेलच्या अकराव्या मजल्यावर, चूल बाल्कनीत.
त्याच्या वहीत लीडिंग टोन
टॉनिकवर कधी पोचायचाच नाही.
सी मेजरमधला बी,
उंबऱ्यापासून अर्ध्या सुरावर यायचा
आणि तिथून वळून खाली, जीवर.
'चूक आहे?'
बाईंनी वही स्टोव्हच्या उजेडात धरली. बराच वेळ.
'वरच्या आवाजात चूक. सगळ्यांना ऐकू येतं.
आतल्या आवाजात असेल
तर घरी गेलंच पाहिजे असं नाही.
आतल्या आवाजांना तेवढी सूट आहे.'
पाआताने खोडरबर मागितला,
तो सूर सोप्रानोतून पुसला
आणि आल्टोत नेऊन ठेवला.

मार्चमध्ये बाईंचा भाऊ वारला, वर स्वानेतीत.
आम्ही तिघं गेलो. बस दोनदा बर्फात रुतली.
अंगणात बारा पुरुष, टोप्या हातात,
गोल करून उभे राहिले आणि गायला लागले.
शब्द नव्हतेच. नुसतं ओ, नुसतं वाय.
सगळ्यात खालचा आवाज, ते त्याला बानी म्हणतात,
तो हलला की वरचे दोन्ही हलायचे,
एकदम वर, एकदम खाली,
पंचमामागे पंचम, पंचमामागे पंचम,
तेच समांतर पंचम, ज्यांच्यापायी
बाईंनी तीन वर्षं लाल पेन्सिली झिजवल्या होत्या.
सवयीने मी मोजू लागले.
नवव्यानंतर मोजता आलं नाही.
बाईंचे डोळे उघडे होते.
पेपर तपासताना ऐकतात तशा ऐकत होत्या, ओठ हलवत.
शेवटी तिन्ही आवाज एका सुरावर आले
तेव्हा मान एकदाच हलली.

सोमवारी वही परत मिळाली.
तिसऱ्या बारमध्ये, टेनर आणि बासच्या मध्ये
लाल तिरपी रेघ. समांतर पंचम. दोन गुण वजा.
मी वर पाहिलं.
'ते बारा जण होते,' बाई म्हणाल्या,
'तू एकटी आहेस.
स्टोव्ह जरा इकडे सरकव.'